फादरांना फोन कधी करायचा?

गेल्या महिन्यात आमच्या पॅरिशमधले, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतले, एक आजोबा गेले. बरेच दिवस आयसीयूत होते. फादरांचं घर तिथून रिक्षानं पाच मिनिटांवर. तरी फादरांना फोन गेला तो सगळं संपल्यावर. फादर धावत आले, प्रार्थना केली, पण खिशातली तेलाची डबी काही बाहेर काढली नाही. मुलगी हात जोडून म्हणत होती, "फादर, तेल लावा ना." ते काय करणार? आजाऱ्याला आशीर्वादाचं तेल लावायचा हा आम्हा कॅथलिकांचा संस्कार जिवंत माणसासाठी आहे. गेलेल्यासाठी फक्त प्रार्थना.

मिरजेत स्टाफ नर्स म्हणून माझी उभी हयात गेली, त्यामुळं हे मी नको तितक्या वेळा पाहिलंय. दवाखान्यांचं गाव आहे आमचं. कोकणातून, बेळगावकडून पेशंट येतात आणि त्यांत कॅथलिक घरंही असतात. गावात मात्र आम्ही मूठभर. इथं ख्रिस्ती म्हटलं की लोकांना डॉ. वानलेस आणि त्यांनी १८९४ साली सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल आठवतं, म्हणजे प्रेस्बिटेरियन, प्रोटेस्टंट मंडळी. आम्हा कॅथलिकांचं खातं वेगळं, हे ड्युटीवरच्या नव्या मुलींना दरवेळी सांगावं लागायचं.

तर नातेवाईक. मी गळ्यातला क्रूस बघून विचारायचे, "फादरांना कळवलंत का?" की लगेच मला हाताला धरून कॉरिडॉरमध्ये न्यायचे. "सिस्टर, आत्ताच नको हो. पप्पा घाबरतील."

पप्पा क्वचितच घाबरायचे. घाबरलेली असायची ती मुलं.

ही भीती कुठून आली ते मला माहीत आहे. माझं माहेर श्रीरामपूरकडचं. आजी सांगायची, तिच्या काळी मिशनचे मास्तर सायकलवरून फादरांना आणायला निघाले की अख्खी आळी समजून जायची, अमक्याचं आता काही खरं नाही. तेव्हा त्याला शेवटचं तेलच म्हणायचे. डोळे, कान, नाक, ओठ, हात, सगळीकडे तेल लावत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या रोममधल्या मोठ्या बैठकीनंतर, हे बदललं. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी नवा विधी लागू केला. आता तेल कपाळाला आणि दोन्ही तळहातांना, आणि तेही गंभीर आजारी असलेल्या कुणालाही. मोठ्या ऑपरेशनच्या आधी घेता येतं. वयानं थकलेल्यांना, विशेष आजार नसला तरी, घेता येतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तरी काय लिहिलंय? कोणी आजारी असेल तर त्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्यांना, बोलवावं. मरायला टेकला असेल तर, असं नाही लिहिलेलं. पन्नास वर्षं उलटून गेली, पण आजीची सायकल काही डोक्यातून जात नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. फादरांकडे अंगठ्याएवढी धातूची डबी असते. झाकणावर लॅटिनमधल्या ‘आजाऱ्यांचं तेल’ या शब्दांची आद्याक्षरं, ‘ओ’ आणि ‘आय’. आत तेलात भिजवलेला कापूस, म्हणजे सांडायची भीती नाही. तेल बहुतेक ऑलिव्हचं, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात बिशपांनी आशीर्वाद दिलेलं. पेशंट बोलू शकत असेल तर आधी पापनिवेदन, म्हणजे फादरांजवळ आपल्या पापांची कबुली, तेवढ्यापुरतं आम्ही सगळे पडद्याबाहेर. मग फादर डोक्यावर हात ठेवून काही न बोलता उभे राहतात. मॉनिटरची टिकटिक तेवढी चालू. त्यानंतर तेल, प्रार्थना, आणि गिळता येत असेल तर ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर. खरं तर शेवटचा संस्कार कुठला म्हणायचा असेल तर तो हा ख्रिस्तप्रसाद, वाटेची शिदोरी म्हणून दिलेला.

आणि कृपा करून ऑक्सिजन चालू असलेल्या पेशंटच्या उशाशी मेणबत्ती लावू नका! मी स्वतः फुंकर मारून विझवल्यात आणि वर शिव्या खाल्ल्यात.

लोक म्हणतात, सिस्टर, तुम्हीच लावा ना तेल, तुम्ही तर चर्चला जाता. नाही लावता येत. गंमत बघा, बाप्तिस्मा मी देऊ शकते. एकदा नाईटला, वेळेच्या खूप आधी जन्मलेलं एक बाळ हातचं जायला लागलं. आईबाप कॅथलिक, फादर बाहेरगावी. बापानं हात जोडले. मी सिरिंजमध्ये पाणी घेऊन त्या एवढ्याशा डोक्यावर तीनदा थेंब सोडले. "मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते." एवढंच लागतं. जिवाला धोका असेल तर कुणीही देऊ शकतं. बाळ जगलं, पुढं चर्चमध्ये उरलेला विधी झाला. तेलाला मात्र फादर किंवा बिशपच लागतात. फादर म्हणजे एक माणूस. त्यांना मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, असते, शाळा असते, लांबच्या घरांच्या भेटी असतात. म्हणून आधी सांगा म्हणते.

कोविडमध्ये तर फोनवर पापनिवेदनही चालत नव्हतं. मार्च २०२० मध्ये रोमहून पत्रक आलं, कोविडच्या आजाऱ्यांना पूर्ण दंडमाफी, म्हणजे माफ झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सूट, दिली होती, आणि ज्यांना तेल मिळू शकत नाही त्यांच्यासाठी अखिल ख्रिस्तसभा प्रार्थना करते, असंही म्हटलं होतं. मी ते मोबाईलवरून वाचून दाखवायची. पुढं एका फादरांना पीपीई किट घालून आत सोडलं. त्यांनी बोटाऐवजी कापसाच्या काडीनं तेल लावलं. तशी मुभा आहेच.

दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्दमाउलीच्या, म्हणजे फ्रान्समधल्या लूर्दच्या मारियामातेच्या, सणाला, जागतिक आजारी दिन असतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी तो ठरवला, १९९३ पासून पाळतात. त्या सुमारास बऱ्याच पॅरिशमध्ये मिस्सेत आजाऱ्यांना एकत्र तेल देतात. म्हाताऱ्यांना तिथं घेऊन जा. चारचौघांत, बाकावर बसून, शेजारच्या काकूंबरोबर मिळालं की भीती आपोआप कमी होते.

सावंतवाडीकडचे एक काका बायपासच्या आदल्या दिवशी तेल घेऊन, मस्त घोरत झोपले होते. दोन वर्षांनी पुन्हा हृदयाच्याच दुखण्यानं आले. मी म्हटलं, फादरांना बोलवते. तर म्हणतात, "मागचं संपलं काय गो?" फादर म्हणाले, आजार पुन्हा गंभीर झाला तर पुन्हा घेता येतं. काका म्हणाले, "मग लावा. ह्या खेपेस जरा जास्त लावा."