तुम्ही विचारलंत म्हणून: जुना कॉम्प्रेसर ठेवू की काढू?

कोल्हापुरात माझं दुचाकीचं गॅरेज आहे. पण आसपासचे पंक्चरवाले, सर्व्हिसिंगवाले, पेंटर माझ्याकडे येतात ते बहुतेकदा एकच प्रश्न घेऊन. "दादा, कॉम्प्रेसर लई थकलाय. हेड करून घेऊ का नवंच आणू?" हेड म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारा पंप.

मी उलट विचारतो, "टाकीतलं पाणी शेवटचं कधी सोडलंस?" बहुतेक जण यावर गप्प होतात. मीही एकेकाळी गप्पच झालो असतो.

माझं मशीन २ एचपीचं, १६० लिटरच्या टाकीचं. १९९९ साली एका बंद पडलेल्या गॅरेजमधून जुनंच उचललं होतं. काही वर्षांपूर्वी त्याचा हवेच्या दाबाचा काटा आठ किलोच्या पुढे रडतखडत जायला लागला. लेथवाला म्हणाला हेडचा सिलिंडर बोअर करू, मोटरवाला म्हणाला मोटर उतरलीय, दुकानदार म्हणाला भंगारात घाला. ज्याचं दुकान जे विकतं, तोच रोग निघाला.

मग मी घड्याळ लावलं. १६० लिटरची टाकी १० किलोपर्यंत भरायची म्हणजे बाहेरची साधारण १६०० लिटर हवा आत कोंबायची. २ एचपीचं धड हेड मिनिटाला १८० ते २०० लिटर हवा देतं, म्हणजे ८-९ मिनिटांत टाकी भरली पाहिजे. माझी भरायला १९ मिनिटं लागली. दिवसाला दहा वेळा टाकी भरली तर मोटर रोज दीडएक तास फुकट फिरत होती. दीड किलोवॅटची मोटर, म्हणजे रोजचे दोनेक युनिट निव्वळ वाया. हा हिशोब कुणी करत नाही. आवाज वाढला की मगच मशीन आजारी वाटतं.

मोटर मात्र ठणठणीत होती. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण यात बऱ्याच जणांचे पैसे जातात. टाकीत हवा असताना मोटर नुसती गुरगुरते, उचलत नाही, म्हणून लोक ती रिवाइंडिंगला टाकतात. आधी कान द्या. मशीन बंद होताना प्रेशर स्विचमधून, म्हणजे दाब बघून मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून, क्षणभर 'फुस्स' होणं बरोबर आहे. पण ते फुसफुसणं थांबतच नसेल, तर टाकीच्या तोंडाशी बसवलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. टाकीतली हवा उलटी पाइपात येते आणि मोटरला तिच्याशी झुंजत सुरू व्हावं लागतं. तो व्हॉल्व्ह साफ करायला अर्धा तास पुरतो. आणि तीन फेजची मोटर रिवाइंड करून आणलीच, तर पुलीवरचा बाण बघा. उलटी फिरली तरी हवा भरते, पण पुलीच्या पंख्याचा वारा हेडवर यायचा तो येत नाही आणि हेड तापून मरतं.

माझ्या हेडला नवीन रिंगा, व्हॉल्व्ह प्लेट, गॅस्केट घातलं. खर्च ५,५०० रुपये. टाकी ९ मिनिटांत भरायला लागली. महिनाभर मी येईल त्याला ऐकवत होतो, बघा, जुनं ते सोनं.

मग पावसाळा लागला. आपल्याकडच्या पावसाळी हवेत इतकी ओल असते की टाकी दहा वेळा भरली की आत पेलाभर पाणी साचतं. ते तळाशी बसतं आणि लोखंड आतून खातं. बाहेरचा रंग मात्र टवटवीत. टाकीचा पाणी सोडायचा खालचा कॉक जाम झाला म्हणून मी हवा सोडून तो काढला, तर विटकरी पाणी आलं आणि पाण्याबरोबर गंजाचे पापुद्रे. हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं. वर 'टण्' वाजायचं, तळाला 'थप्'.

टाकी टेस्टिंगला नेली. आत गच्च पाणी भरून कामाच्या दीडपट दाब देतात. पाणी दबत नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी पाणी गळून जातं. तोच दाब हवेचा असेल तर साठलेली सगळी ताकद एका क्षणात बाहेर पडते आणि शेजारी उभा असलेला पोरगा उरत नाही. माझ्या टाकीला पायाच्या वेल्डिंगशेजारी घाम फुटला. वेल्डर म्हणाला, पट्टी मारून देतो. मी नको म्हटलं. एक भोक दिसतं तेव्हा आसपासचा पत्राही कागद झालेला असतो, त्याला वेल्डिंग काय धरणार? काही जण तिथे एमसील थापतात. त्यांच्या दुकानात मी चहासुद्धा पीत नाही.

म्हणजे क्रम माझाच चुकला होता. आधी टाकी बघायची आणि मग हेडवर पैसे घालायचे. नशीब की पैसे बुडाले नाहीत. टेस्ट केलेली नवी टाकी आणली आणि तेच हेड, तीच मोटर तिच्यावर चढवली. अजून चालतंय. संध्याकाळी शटर ओढण्याआधी पोरगा कॉक उघडतो.

अख्खं नवं मशीन कधी घ्यायचं? ब्लॉकला चीर गेली असेल, क्रँक झिजला असेल किंवा त्या मेकचे पार्टच मिळत नसतील, तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. काम वाढलं असेल तरीही. हवेवर नट खोलणारी इम्पॅक्ट गन घेतलीत आणि हेड मात्र ट्यूबमध्ये हवा मारण्यापुरतं, तर ते दिवसभर धापा टाकणार. हेड थोडं तेल फेकत असेल तर पंक्चरवाल्याचं काही बिघडत नाही, पण पेंटर रंगवतो त्या गाडीच्या पेट्रोल टाकीवर आणि मडगार्डवर रंगाला खड्डे पडतात. त्याला मी दुसरा सल्ला देतो.

जुनी टाकी भंगारवाल्याला देताना मी आधी ग्राइंडरने तिच्या तळाला वीतभर खिडकी पाडली. तो कुरकुरला, "मालक, आख्खी दिली असती तर दोन पैसे जास्त दिले असते." ते मला ठाऊक होतं. आख्खी दिली असती तर महिन्याभरात निळा रंग लावून ती कुठल्यातरी पंक्चरच्या दुकानात उभी राहिली असती.