सबचा नॉब किती वर ठेवायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण हा प्रश्न मला सतत येतो आणि जवळजवळ याच शब्दांत येतो: "स्टँडवरचे दोन टॉप आधीच होते, आता सब घेतलाय, तर सबचा नॉब किती वर ठेवू?" (सब म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा सबवूफर स्पीकर, टॉप म्हणजे स्टँडवरचे मुख्य स्पीकर आणि नॉब म्हणजे सबचा आवाज कमी-जास्त करायचं बटण.) आकडा सांगता येत नाही. सब कुठला, टॉप कुठले, जागा केवढी यावर तो बदलतो. आणि खरं सांगायचं तर नॉबला हात लावायची वेळ सगळ्यात शेवटी येते, त्याआधीची कामं झाली नसतील तर नॉब कुठेही ठेवा, बास एकतर घुमणार नाहीतर गायब होणार.

बहुतेक ठिकाणी होतं असं की टॉप आधीसारखेच फुल रेंज, म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळे सूर वाजवत, चालू राहतात आणि खाली सब जोडला जातो. मग साधारण ६० ते १२० हर्ट्झचा पट्टा दोघंही वाजवतात आणि नेमका तिथे फुगवटा येतो, सगळं कोंदट वाटायला लागतं. लगेच कोणीतरी म्हणतं सब कमी कर, तो कमी केला की ४०-५० हर्ट्झचा जो बास हवा म्हणून सब आणला तोच जातो आणि फुगवटा मात्र थोडाफार राहतोच. म्हणून आधी टॉपना हाय-पास, म्हणजे ठरावीक आकड्याखालचे सूर कापणारा फिल्टर, लावा. आठ इंची टॉप असतील तर १२० हर्ट्झ, बारा किंवा पंधरा इंची असतील तर ८० ते १०० पासून सुरुवात करा आणि सबचा लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर) त्याच आकड्यावर ठेवा. हे फिल्टर एकाच ठिकाणी लावा हं! सबच्या मागच्या आउटपुटमधून सिग्नल आधीच कापून येत असेल आणि टॉपच्या मागचं लो-कटचं (म्हणजे हाय-पासचंच) बटणही दाबलेलं असेल तर दोनदा कापलं जातं, मध्ये खड्डा पडतो आणि आवाज पोकळ लागतो.

याचा फायदा फक्त बासपुरता नाही. आवाजाची पातळी तीच ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी केली की कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) चौपट आत-बाहेर हलावं लागतं, म्हणजे टॉपची सगळी ताकद खालच्या सुरांत जात असते. ते काम सबने घेतलं की टॉप मोकळे होतात आणि गाण्याचे शब्द स्वच्छ ऐकू येतात. मला विचाराल तर सब घ्यायचं निम्मं कारण हेच आहे, आणि ते कोणी सांगत नाही.

आता जागा. दोन सब असले की एक डावीकडे एक उजवीकडे ठेवायची सवय आहे, दिसायला छान दिसतं, पण मधोमध बास दणकून येतो आणि तिथून बाजूला चालत गेलात की काही पावलांवर तो मरतो, पुढे गेलात की परत येतो. कारण एका सबचा आवाज दुसऱ्यापेक्षा अर्ध्या तरंगलांबीने उशिरा पोचला की दोघं एकमेकांना खातात, आणि ६० हर्ट्झची अर्धी तरंगलांबी जेमतेम पावणेतीन-तीन मीटर असते. दोन्ही सब एकाला एक चिकटवून ठेवले तर एकापेक्षा जवळपास ६ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) जास्त मिळतात आणि जागोजागी आवाज बराच सारखा राहतो. मी जमेल तिथे असंच ठेवतो, कसं का दिसेना.

भिंतीचंही तसंच आहे. सब भिंतीला अगदी लागून असेल तर भिंत मदत करते. पण सव्वा मीटर पुढे सरकवलात तर भिंतीवरून परत आलेला आवाज ७० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला कापतो, म्हणजे नेमका किक ड्रमचा जीव जातो. तेव्हा एकतर लावून ठेवा नाहीतर चांगला लांब आणा. मोकळ्या मैदानात ही भिंतीची मदत नसते, त्यामुळे हॉलमध्ये पुरेसा वाटलेला सब तिथे कमी पडतो, यात सबचा दोष नाही.

मग फेजचा स्विच, म्हणजे सबच्या कोनची आत-बाहेर हालचाल उलटी करणारा. क्रॉसओव्हर (सब आणि टॉपची कामं जिथे वाटली तो आकडा) १०० हर्ट्झ असेल तर मोबाइलवरून १०० हर्ट्झचा साधा टोन बेताच्या आवाजात लावा, मधोमध लोक बसतात तिथे उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी सबचा स्विच उलटसुलट करायला सांगा. ज्या बाजूला आवाज भरीव येतो ती बाजू बरोबर. फरक स्पष्ट कळतो, यंत्र लागत नाही. सब आणि टॉप पुढेमागे असतील तर जो तुमच्या जवळ आहे त्याला दर मीटरला साधारण २.९ मिलिसेकंद डिले (मुद्दाम उशीर) द्या, डिले नसेल तर दोघांना एका रेषेत आणा.

आणि आता नॉब. सब म्यूट करा, टॉप कार्यक्रमाच्या खऱ्या आवाजावर आणा, हळू आवाजात बॅलन्स करू नका. आपल्या कानाला हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं, त्यामुळे हळू आवाजात बरोबर वाटलेला बास व्हॉल्यूम वाढवला की अंगावर येतो. बास गिटार वरखाली फिरते असं ओळखीचं गाणं लावा आणि सब शून्यापासून वर आणत जा, खालचे सूर वरच्यांइतकेच ठळक झाले की थांबा. एकच सूर उडी मारत असेल तर ती खोली बोलतेय, तिथे नॉब काही करू शकत नाही, सब थोडा सरकवून बघा. मोबाइलच्या मीटरवर विसंबू नका, खाली त्याचा माइक बराच कमी पकडतो.

नंतर माझी सगळ्यात आवडती परीक्षा: माइकवर कोणाला तरी साधं बोलायला लावा आणि सब म्यूट-अनम्यूट करा. बोलण्यात काहीच फरक पडता कामा नये. सब आला की आवाज जाड होत असेल तर त्या माइकच्या चॅनेलला लो-कट लावा, तरीही होत असेल तर क्रॉसओव्हर खाली आणा. हे सगळं लोक बसतात तिथे फिरून ऐका, मिक्सर मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तिथे बास नेहमी जास्तच वाटतो आणि तुम्ही उगाच कमी करून टाकता.

लोक भरले की वरचे सूर त्यांच्या अंगा-कपड्यांत शोषले जातात, बास फारसा नाही, म्हणून तेव्हा सब एक-दोन डीबी खाली घ्यावा लागतो. आणि लिमिटरचा (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या सर्किटचा) लाल दिवा सारखा लागत असेल तर आणखी नॉब फिरवून काही मिळणार नाही, दुप्पट वॉटच्या अँपनेही ३ डीबीच वाढतात. तिथे दुसरा सब लागतो, आणि तो मिळेपर्यंत सबला ३५ हर्ट्झवर हाय-पास लावून ठेवा, बहुतेक पोर्टेबल सब त्याखाली काही ऐकू येईल असं वाजवत नाहीत, नुसती ताकद वाया घालवतात.