रविवारी रात्री ताईचं इंजेक्शन

दर रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास मी लालबागला ताईकडे जाते, फ्रीजच्या दारात कोकमाच्या बाटलीशेजारी ठेवलेली बोटाएवढी काचेची बाटली काढते, इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये ५० च्या रेषेपर्यंत म्हणजे अर्धा एमएल औषध ओढते, टिचकी मारून बुडबुडे वर घालवते आणि ताईच्या पोटाला बेंबीपासून चार बोटं लांब टोचते. ताई तोवर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसते, सुईची भीती तिला लहानपणापासूनच. मागच्या मे महिन्यापासून हे चालू आहे, मध्ये एकदा खंड पडला, त्याबद्दल पुढे सांगते कारण मला खरं तर त्याबद्दलच लिहायचंय.

औषधाचं नाव मौंजारो, आतलं औषध टिर्झेपाटाइड, डायबेटिस आणि वजन दोन्हींसाठीचं. भारतात २०२५ च्या मार्चमध्ये आलं. ताईचं वय ५४, उंची पाच फूट दोन, सुरू केलं तेव्हा वजन ९७, नऊ वर्षांचा डायबेटिस, बीपीची गोळी, दोन्ही गुडघे गेलेले. चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खिडकीचा कट्टा आहे, त्यावर बसून दम खाल्ल्याशिवाय ती वर येऊच शकत नसे, भाजीची पिशवी पायाशी ठेवून पाच-पाच मिनिटं बसून राहायची.

आईचा पहिल्यापासून विरोध. त्याला कारण आहे. २००८ च्या आसपास ताई एका वजन कमी करणाऱ्या सेंटरला जायची, तिथे तिला सिबुट्रामिनच्या गोळ्या दिल्या होत्या, छातीत धडधड व्हायची, झोप नाही, आणि विचारलं तर सांगायचे की सवय होईल. पुढे त्याच औषधाने हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढतो असं दिसून आलं, २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ते बाजारातून काढलं आणि २०११ मध्ये आपल्याकडे बंदी आली. त्यामुळे आई म्हणाली "पुन्हा तसलंच काहीतरी घेऊन माझ्या पोरीचा जीव घालवणार तुम्ही", तेव्हा तिला वेड्यात काढायची माझी हिंमत झाली नाही. डायबेटिसच्या डॉक्टर मॅडमकडे आईलाच घेऊन गेलो. मॅडमनी अर्धा तास दिला, त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

त्यांनी समजावलं ते असं. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, ते मेंदूला सांगतं की पोट भरलं, पण शरीरातलं हे हार्मोन दोन-तीन मिनिटांत नाहीसं होतं. ही नवी औषधं त्याचीच नक्कल करतात, फक्त रक्तात कित्येक दिवस टिकतात म्हणून आठवड्यातून एकदा घेतलं की पुरतं. टिर्झेपाटाइड जीआयपी नावाच्या आणखी एका हार्मोनचंही काम करतं. आणि ह्या सगळ्या गोष्टीच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वाळवंटातला हिला मॉन्स्टर नावाचा एक विषारी सरडा आहे, त्याच्या लाळेत जीएलपी-१ सारखाच पण जास्त टिकणारा पदार्थ डॉ. जॉन एंग यांना १९९२ च्या सुमारास सापडला आणि त्यावरून २००५ मध्ये ह्या जातीचं पहिलं औषध बाजारात आलं. हे ऐकून आई जरा सैल झाली, म्हणाली देवाने कुठे काय ठेवलंय बघा.

पहिले दोन महिने सोपे नव्हते. मळमळ, बद्धकोष्ठ, कुजक्या अंड्यासारखे ढेकर, एकदा तर बेस्टच्या बसमधून मध्येच उतरावं लागलं. चार आठवडे अडीच मिलिग्रॅम, मग पाच. कमी आणि सावकाश खायचं, तळलेलं टाळायचं, हे शिकायला वेळ लागला.

आणि मग गणपती आले. आमच्याकडे उकडीचे मोदक म्हणजे ताई सात-आठ खाणार हे ठरलेलं, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी तिला काहीतरी बोलणार हेही ठरलेलं. ह्या वेळी तिने दोन मोदक खाल्ले, तूप बोटाने निपटलं आणि ताट सरकवलं. आई म्हणाली "अगं आणखी एक घे की". ताई म्हणाली "नको गं, झालं माझं". मग रात्री भांडी घासताना ती मला म्हणाली, "तुला माहितीये, माझ्या डोक्यात दिवसभर कोणीतरी बोलत असायचं, आता काय खाऊ, डब्यात काय उरलंय, कोणी बघत नाहीये ना. ते गप्प झालंय. तुम्हा सगळ्यांचं डोकं कायम असंच शांत असतं का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. वीस-पंचवीस वर्षं आम्ही तिला तोंडावर ताबा ठेव म्हणत आलो, मी पण म्हटलंय, तिच्या लग्नाआधी तर रोज म्हटलंय. तिच्या जिभेचा दोष नव्हताच, जे हार्मोन मला तिसऱ्या पोळीला थांबवतं त्याचं तिच्या मेंदूत नीट ऐकूच येत नव्हतं, आणि आम्ही ते तिच्या स्वभावावर ढकललं.

दिवाळीपर्यंत वजन ८८ वर आलं. डायबेटिसवाल्यांचं वजन इतरांपेक्षा जरा कमी उतरतं म्हणे, त्यांच्यावरच्या ७२ आठवड्यांच्या अभ्यासात सगळ्यात मोठ्या डोसला सरासरी १४.७ टक्के आणि बिनऔषधाच्या इंजेक्शनला ३.२ टक्के उतरलं होतं. पण मला वजनापेक्षा बाकीचं मोठं वाटतं. तिचा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, ८.४ वरून ६.५ वर आला, बीपीची गोळी अर्धी झाली, घोरणं इतकं कमी झालं की भाऊजी रात्री उठून बघायचे श्वास चालू आहे ना. आणि खिडकीच्या कट्ट्यावर ती आता पिशवी टेकवते फक्त, बसत नाही. ह्याच जातीच्या सेमाग्लुटाइड नावाच्या औषधावर हृदयरोग असलेल्या १७,६०४ लोकांचा अभ्यास २०२३ मध्ये आला, डायबेटिस नसलेले लोक होते सगळे, त्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून २० टक्क्यांनी कमी झालं.

आता खंड पडला ते. २०२५ मध्ये औषध आलं तेव्हा पाच मिलिग्रॅमची एक बाटली ४,३७५ रुपयांना होती, महिन्याला चार, म्हणजे साडेसतरा हजार. दिवाळीनंतर भाचीची फी आली आणि ताईने कोणाला न सांगता बंद केलं, मला म्हणाली मॅडमनी सांगितलंय, आता गरज नाही. जानेवारीत वजन साडेएक्याण्णव. पण वजन सोडा, ती म्हणाली ते डोक्यातलं बोलणं तिसऱ्या आठवड्यातच परत आलं, रात्री दोनला फ्रीज उघडून उभी राहायची आणि रडायची, मी हरले म्हणून. अगं हरली कुठे तू. ह्याच औषधाच्या एका अभ्यासात ३६ आठवड्यांनंतर अर्ध्या लोकांना बिनऔषधाचं इंजेक्शन दिलं, त्यांचं वजन पुढच्या वर्षभरात १४ टक्क्यांनी परत वाढलं आणि ज्यांचं औषध चालू राहिलं त्यांचं आणखी ५.५ टक्के उतरलं. बीपीची गोळी बंद केली की बीपी चढतं, तेव्हा पेशंटला कोणी आळशी म्हणत नाही. मॅडमनी ओरडा न देता पुन्हा अडीचपासून सुरू केलं.

एक गोष्ट मात्र आम्हाला उशिरा कळली. चरबीबरोबर स्नायूही जातात. सप्टेंबरमध्ये ताईला पाण्याची कळशी उचलेना, केसही मूठमूठ गळत होते, कारण भूक नाही म्हणून ती दोन घास वरणभात खाऊन उठायची. आता रोज दोन अंडी, दुपारी मटकी किंवा बांगडा, आणि संध्याकाळी पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या हातात घेऊन व्यायाम. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

आणि आमच्या ऑफिसात लग्नाआधी पाच किलो उतरवायला कोणाच्या तरी ओळखीने हेच इंजेक्शन घेणाऱ्या मुली आहेत, त्यांना हात जोडून सांगते, पित्ताचे खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, घरात विशिष्ट प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर असेल तर हे घ्यायचंच नाही. तपासण्या आणि डॉक्टर असल्याशिवाय नको.

सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच, त्यानंतर आपल्या कंपन्या ते बनवू शकतात, म्हणून पुढच्या भेटीत मॅडमना विचारायचंय की बदललं तर चालेल का, डोस कसा जुळवायचा, आणि शुगरचं काय. ताईने मेडिकलच्या बिलामागे प्रश्न लिहून ठेवलेत. चौथा प्रश्न तिने स्वतः लिहिलाय, सुई स्वतःची स्वतः टोचायला शिकवाल का.