आमची वाटचाल : गाडीपासून गोवरीच्या आगटीपर्यंत

परतवाड्याहून चिखलदऱ्याला गाड्या सोडणे, एवढ्याच कामावर आमचा व्यवसाय सुरू झाला. आज गाडी हा त्यातला लहानसा भाग राहिला आहे. डिसेंबर-जानेवारीत मेळघाटच्या पायथ्याशी येणारी मंडळी पॉइंट पाहतातच, पण ती पुन्हा येतात ती बहिरमच्या यात्रेतल्या मटणाच्या हांडीसाठी, गोवऱ्यांवर भाजलेल्या गव्हाच्या रोडग्यांसाठी आणि वावरातल्या हुरड्यासाठी. या तिन्ही गोष्टी आगीवर अवलंबून आहेत. त्यामुळे आमच्याकडे ड्रायव्हरइतकाच मान आगटी, म्हणजे विस्तवाचा खड्डा, सांभाळणाऱ्या माणसाला आहे.

बहिरमची यात्रा 20 डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारी सरेपर्यंत चालते. चांदूर बाजार तालुक्यात, परतवाडा-बैतूल रस्त्यावर, सातपुड्याच्या अगदी पायाशी हे ठाणं. गाडगेबाबांनी इथल्या पशुबळीविरुद्ध कीर्तनं केली. देवाला नैवेद्य रोडग्याचा असतो, मटण राहुटीत शिजतं. पाहुण्यांना हा फरक आम्ही आधीच सांगून ठेवतो, कारण देवळासमोर हांडी मांडायची कुणाला हौस असेल तर ती तिथे चालत नाही.

हांडी नवी असेल तर ती त्याच दिवशी चुलीवर चढवू नये. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची, सावलीत वाळवायची, आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवायचा आणि मंद आचेवर तिच्यात तांदळाची पेज अर्धा तास उकळू द्यायची. पेजेने मातीची बारीक छिद्रं भरतात, मग तर्री झिरपत नाही. दीड किलो मटणाला पाच लिटरची हांडी लागते. पाऊण भागाच्या वर भरली की उकळी काठावरून उतरते आणि चूल विझते. दीड किलोला सहाशे ग्रॅम कांदा, दीडशे ग्रॅम भाजलेलं सुकं खोबरं, दोन मोठे चमचे खसखस, दोन गड्डे लसूण, बोटभर आलं आणि चार चमचे काळा मसाला. मसाल्यात दगडफूल नसेल तर तो वऱ्हाडी वास येतच नाही. झाकणाच्या कडेला कणीक लावायची, इंगळावर अडीच तास ठेवायचं, झाकणावरही चार इंगळ.

हांडी फुटते ती बहुतेक दोनच कारणांनी. एक म्हणजे जाळ. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, भडका बुडाला एकाच बाजूने लागला की तडा जातो. म्हणून जाळ पडून इंगळ होईपर्यंत थांबायचं. दुसरं म्हणजे गार पाणी. रस्सा आटला म्हणून कुणीतरी बाटलीतलं पाणी ओततं आणि हांडीचं बूड सुटतं. शेजारच्या चुलीवर आधणाचं पातेलं कायम ठेवणं हा त्यावरचा उपाय. आम्ही दर पाच हांड्यांमागे एक जादा हांडी तयार करून नेतो.

रोडग्याला गहू जाडसर दळून आणावा लागतो. चक्कीवाल्याला रव्यापेक्षा थोडं बारीक असं सांगितलं की त्याला बरोबर कळतं. एक किलो पिठाला शंभर ग्रॅम तेलाचं कडकडीत मोहन, मीठ, चमचाभर ओवा, साडेचारशे मिलीच्या आसपास पाणी. कणीक घट्टच हवी. चार-पाच लहान पुऱ्या लाटून मध्ये तेल लावत एकावर एक ठेवायच्या आणि बाहेरच्या मोठ्या पुरीत बांधून गोळा करायचा. किलोमागे दहा रोडगे होतात. गोवऱ्या पेटवून धूर पूर्ण जाऊ द्यायचा. वर पांढरी राख धरली आणि आत लाल दिसलं की रोडगे मांडायचे. पहिली दहा मिनिटं उलटसुलट शेकायचे, मग फुफाट्यात, म्हणजे गरम राखेत, दाबून अर्धा-पाऊण तास सोडून द्यायचे. काळी गोवरी राहिली तर रोडग्याला धुराचा वास लागतो आणि तो तुपानेही जात नाही. घाईने वरून करपवले तर मधला पदर कच्चा राहतो. फोडल्यावर पदर सुटे दिसले पाहिजेत. वांग्याची भाजी, वरण, आणि रोडगा बुडेल इतकं तूप. तुपात कंजुषी करू नये, हे आमचं ठाम मत.

गोवऱ्या आम्ही मे महिन्यातच घेऊन ठेवतो. पावसाळ्यानंतर मिळतात त्या वरून वाळलेल्या आणि आतून ओलसर असतात, त्यांचा नुसता धूर होतो. एका आगटीला तीस ते चाळीस गोवऱ्या जातात.

हुरड्याचं वेळापत्रक मात्र ज्वारीच्या हातात आहे. दाणा नखाने दाबला की दूध निघतं तोवर कोवळा, पिठूळ झाला की उशीर. मधली अवस्था एका वावरात आठ-दहा दिवसच टिकते. म्हणून आमचे शेतकरी गुळभेंडी आणि फुले उत्तरा या ज्वारीच्या वाणांची पेरणी एकदम न करता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत करतात. तरच डिसेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत हुरडा मिळत राहतो. माणशी तीन कणसं धरायची. दीड फूट रुंद, अर्धा फूट खोल आगटी, फुफाट्यात कणसं फिरवत दोन-तीन मिनिटं, मग गरम असतानाच फडक्यात धरून चोळायची. आर कमी असेल तर कोंडा सुटत नाही, जास्त असेल तर दाणा तडतडतो. सोबत लसणाची चटणी, तिळाची चटणी, गूळ. वर पाणी नको, ताक प्यावं. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं रात्रीतून वावर आडवं करतात, त्यामुळे राखणदाराची मजुरी हुरड्याच्या दरात धरलेली असते. दर जास्त वाटतो त्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. धबधबे पाहायचे तर पावसाळ्यात यावं. हिवाळ्यात दरी स्वच्छ दिसते, कॉफीच्या बागा असतात, मोथा गावाच्या बाजूला स्ट्रॉबेरी असते. गाविलगडाला अडीच तास राखून ठेवा. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला, तो उत्तरेकडून, जिथे गड पठाराला जोडलेला आहे. ती बाजू प्रत्यक्ष पाहिली की तीच का निवडली हे समजतं. बाकीकडे सरळ कडेच आहेत. डिसेंबरअखेर सूर्य पावणेसहाला मावळतो आणि अर्ध्या तासात अंगात हुडहुडी भरते. त्यामुळे गडावरून साडेचारला निघायचं, सूर्यास्त पॉइंटवर पाहायचा आणि सातच्या आत घाट उतरायचा, हा क्रम आम्ही मोडत नाही. सकाळी घाट चढण्याआधी पोटभर खाऊ नये. वळणावळणावर मुलं ओकतात ती बहुधा नाश्त्यामुळे. एखादी भाकर आणि चहा पुरे.

शेकोटीची मागणी सगळ्यांचीच असते. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात ती पेटवू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते. शेकोटी आम्ही फक्त खालच्या वावरात, मोकळ्या जागी, दोन बादल्या पाणी शेजारी ठेवून करतो. लाकूड जंगलातलं नसतं. गेल्या सालच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) त्याला पुरतात.

दिवाळीनंतर मेळघाटातल्या आठवडी बाजारांत घुंगरू बाजार भरतो. थाट्या मंडळी, म्हणजे गावाची गुरं राखणारे, सजून येतात, ढोलकी-बासरीवर नाचतात. आम्ही पाहुण्यांना तिथे बाजार करायला नेतो. मका, कुटकी (बारीक भरडधान्य), खवा घ्यावा, बाजूला उभं राहून पाहावं, फोटोआधी विचारावं. पैसे देऊन वेगळा नाच करायला लावणं आमच्या सहलीत नाही. काही सहलवाले तसं करतात आणि पुढच्या वर्षी तीच माणसं बाजारात नाचायचं सोडून गाड्यांची वाट पाहत उभी राहतात.

यात्रेची राहुटी हवी असेल तर दिवाळीपूर्वी कळवा. शनिवार-रविवारच्या राहुट्या तेव्हाच भरतात. हुरड्याची तारीख मात्र आम्ही फक्त आठवडाभर आधी पक्की करतो, कणीस हातात घेऊन पाहिल्यावर.