अख्खी गाडी आपली, सिग्नल मात्र कंट्रोलचा

लग्नाला बस ठरवतात तशी अख्खी रेल्वेगाडी ठरवता येते हे मला यावर्षीपर्यंत माहीत नव्हतं. आईच्या सोसायटीनं (पतसंस्था हो, पण बेळगावात पतसंस्था कोण म्हणतं, सगळ्या सोसायट्याच) सभासदांसाठी गोव्याची ट्रिप काढली आणि बस नको, गाडीच घेऊया असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. शनिवारी सकाळी बेळगावातून निघायचं, मडगावला उतरून देवदर्शन, रात्री मुक्काम, रविवारी परत. आयआरसीटीसीकडे एफटीआर म्हणजे फुल टॅरिफ रेट म्हणून प्रकार आहे, त्यात स्पेशल गाडी घ्यायची तर कमीत कमी १८ डब्यांचे पैसे भरावेच लागतात, त्यातले दोन गार्डचे आणि सामानाचे. डब्यामागे ५० हजार डिपॉझिट, म्हणजे ९ लाख तिथंच गेले, परत मिळतात म्हणा, पण आधी भरायचे तर असतात. शिवाय रिकामी गाडी डेपोतून आपल्या स्टेशनापर्यंत आणायचं भाडं वेगळं, आणि मडगावला ती आपली वाट बघत उभी राहणार त्याचंही वेगळं. सेक्रेटरी काकांनी हे मीटिंगमध्ये वाचून दाखवलं तेव्हा म्हणे मागच्या दोन रांगा चहाला म्हणून उठल्या त्या परत आल्याच नाहीत. पण मग खानापूर, नंदगड, लोंढा, जिथं जिथं शाखा आणि जिथं जिथं पाहुणे तिथून माणसं जोडत जोडत हजारभर झाली आणि गाडी ठरली.

मी काही सभासद नाही, आईची सोबत म्हणून गेले. आईला देवांपेक्षा घाट बघायचा होता. माझे बाबा रेल्वेत, मीटरगेजच्या काळात फायरमन लागले आणि ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले, सगळी नोकरी ह्याच लाईनवर. आई लग्न होऊन आली ती लोंढ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. घाटातून ती कितीतरी वेळा गेलीय पण तिच्या म्हणण्यानुसार कधी मांडीवर पोर, कधी रात्रीची पॅसेंजर, आणि कायम पिशव्यांकडे लक्ष. बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. "एकदा नुसतं बसून बघते की," एवढंच म्हणाली.

बेळगाव स्टेशन २०२३ मध्ये नवं केलंय तेव्हापासून आईला ते आवडत नाही, एअरपोर्टला आल्यागत वाटतं म्हणते. त्या चकाचक प्लॅटफॉर्मवर हजार माणसं, नऊवाऱ्या, स्वेटर, स्टीलचे डबे, आणि माईकवरून एकच घोषणा पुन्हापुन्हा की कुणीही स्टोव्ह, शेगडी, सिलिंडर आणलं असेल तर इथंच ठेवून जा. लोकांना हसायला येत होतं पण ते काही उगाच नव्हतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मदुराईला असाच एका पार्टीनं बुक केलेला यात्रेकरूंचा डबा यार्डात उभा असताना आत लपवून आणलेल्या सिलिंडरमुळे पेटला आणि नऊ माणसं गेली. आमच्याकडे आचाऱ्यानं उप्पीट-शिरा पहाटे घरीच करून आणला होता. आईनं तरी आपल्या दशम्या आणि शेंगाचटणी बांधून घेतलीच, दुसऱ्याच्या आचाऱ्यावर तिचा विश्वास नाही.

गाडी सुटली ती मस्त सुटली. देसूर गेलं, खानापूरला माणसं चढली, मलप्रभा ओलांडली. ह्या खानापूर तालुक्याची एक गंमत मला फार आवडते, कणकुंबीला उगवणारी मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि त्याच तालुक्याच्या जंगलातून निघालेली म्हादई पश्चिमेला गोव्यात जाऊन मांडवी होते. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक-गोव्याची भांडणं काय उगाच होतात. पाऊस नुकताच संपलेला, दोन्ही बाजूला सगळं हिरवंगार, गुंजीपासून पुढं तर झाडीच झाडी. लोंढ्याला गाडी थांबली तेव्हा आई दारात जाऊन उभी राहिली, क्वार्टरच्या दिशेनं बघितलं, आणि "पत्रे बदललेत" म्हणून परत येऊन बसली. मला वाटलं होतं रडेल वगैरे. नाही.

मग आलं तिनईघाट आणि गाडी जी बाजूच्या लाईनला घेतली ती सोडेचनात. अर्धा तास झाला, पाऊण झाला. पोरं खाली उतरून क्रिकेट खेळायला लागली. डब्यात कुरकुर सुरू, एवढे लाख भरून गाडी घेतली आणि आपणच उभं राहायचं म्हणजे काय, सेक्रेटरी काका फोन कानाला लावून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतायत. आई खिडकीत बसून दशमी खात होती. ती शांतपणे म्हणाली, "पैसे डब्याचे भरलेत, रूळाचे न्हाई."

बाजूचे दोन-तीन जण वळून बघायला लागले, आणि तिथून पुढं तिचा क्लासच सुरू झाला. स्पेशल गाडी सगळ्यात शेवटची, आधी मेल-एक्सप्रेस काढणार, हे तर आहेच. पण घाटाच्या तोंडाला भरलेली मालगाडी वर चढत असली तर तिला कोणी मध्ये अडवत नाही कारण चढावर थांबवली की परत उचलायला जड. "ती वर येऊलालीय बघा, ती आल्याबिगर आपल्याला सोडत न्हाईत." आणि खरंच, पाचएक मिनिटांत जमीन हलायला लागली आणि मुरगाव बंदरावरून आलेली कोळशाची रेक गेली, संपता संपेना, पुढं इंजिनं आणि पार मागं ढकलायला परत इंजिनं. आमच्या समोर बसलेला एक इंजिनिअर पोरगा म्हणाला की म्हणून तर डबल लाईन पाहिजे, त्यावर खानापूरचे एक मास्तर चिडले, गोव्यातलं मोलेमचं जंगल कापून? कॅसलरॉक ते कुळे ह्या डबलिंगची वन्यजीव मंडळाची परवानगी सुप्रीम कोर्टानं २०२२ साली रद्द केलीय, हे मास्तरांना पाठ होतं. पोरगा म्हणाला मग बसा इथंच. दोघांचंही बरोबर होतं असं मला वाटलं, पण मी गप्प बसले, उप्पीट येत होतं.

त्या थांब्यात आईनं गोळ्याची गोष्ट सांगितली, जी मीसुद्धा नीट ऐकली नव्हती. पूर्वी एकेरी लाईनवर ड्रायव्हरकडे टोकन असल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनला न्यायची नाही, ते टोकन म्हणजे लोखंडी गोळा, चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेला. न थांबणाऱ्या गाडीला पोर्टर ते कडं हात उंच करून धरायचा आणि इंजिनातून फायरमननं चालत्या गाडीत हात बाहेर काढून ते कोपरात अडकवायचं. गाडी जोरात असली की कडं असं बसायचं हातावर की बाबांच्या डाव्या दंडाच्या खाली कायम काळानिळा पट्टा. पावसात जास्त, कारण दिसायचंच नाही. आई रात्री हळद-तेल गरम करून लावायची. "आणि ह्या माणसाला विचारलं तर म्हणायचा, लागलं न्हाई." तिनं स्वतःच्या हातावर बोट फिरवून तो पट्टा कुठून कुठपर्यंत असायचा ते दाखवलं, इंजिनिअर पोरगा फोन खाली ठेवून बघत होता.

कॅसलरॉकला ब्रेक टेस्टसाठी परत थांबलो, पण आता डब्यात कोणी कुरकुर केली नाही, उलट सगळे आईलाच विचारायला लागले आता काय, आता काय. ह्या स्टेशनाला मान मोठा आहे. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीजांचा करार झाला आणि त्यातून मुरगाव बंदरापासून घाट चढून ही मीटरगेज लाईन आली, तेव्हापासून १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत कॅसलरॉक म्हणजे सरहद्दीचं स्टेशन. इकडं आपल्या बाजूचा कस्टम, खाली कुळ्याला पोर्तुगीजांचा. मुंबईची माणसंसुद्धा कोकण रेल्वे यायच्या आधी मिरजेला गाडी बदलून, मीटरगेजनं बेळगाव-लोंढा करत ह्याच घाटानं गोव्याला जायची. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालं. आता तिथं शांतता, माकडं, आणि त्या दिवशी आमची हजार माणसं.

तिथून पुढं खरा घाट, ब्रागांझा घाट, १:३७ चा उतार, म्हणजे गाडी ३७ फूट पुढं गेली की एक फूट खाली आलेली. गाडी सरळ पळतच नाही, हळूहळू उतरत राहते, ब्रेकचा जळका वास खिडकीतून येतो (आई: "हा वास कपड्यातनं जायचा न्हाई, सोडा घालून उकळायचे"), एकामागून एक बोगदे आणि प्रत्येक बोगद्यात पोरांची किंकाळी, पोरांची कसली, साठीच्या काकांची पण. मधल्या स्टेशनांवर गाडी थांबत थांबत जाते. उतारावर गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला वळवायला बाजूला एक लाईन असते, कॅच सायडिंग, ती उलटी वर चढत जाते आणि तिथं गाडी आपोआप दमते.

दूधसागर आला तसा सगळा डबा एका बाजूला. ३१० मीटरवरून पाणी, समोर तो कमानीचा पूल आणि त्यावरून आपलीच गाडी जातेय. फोटो सगळ्यांनी बघितलेत त्यामुळे वर्णन करत बसत नाही, एवढंच सांगते की फोटोत आवाज येत नाही. उतरायला बंदी आहे, डब्यात पोलीस होते. आईनं हात जोडले, खिडकीतून आलेले तुषार पदरानं पुसले आणि दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या खिडकीत जाऊन बसली. तिला तिथून खालची लाईन दिसत होती, जिथं आपण अजून पोचायचो होतो, झाडीतून दिसणारा एक तुकडा. माझ्या मते डब्यातली सगळ्यात चांगली जागा तीच होती, आणि ती अख्खा वेळ तिला एकटीला मिळाली.

गोव्याचं थोडक्यात. मंगेशी झालं, म्हार्दोळची म्हाळसा झाली, कवळ्याची शांतादुर्गा झाली, आमच्या भागातल्या कितीतरी घरांचं कुळदैवत तिकडं त्यामुळे ओट्या भरायला ही गर्दी. मासे देवदर्शनाच्या आधी की नंतर यावरून आमच्या बसमध्ये जवळजवळ मतदान झालं. गरम होत होतं, हॉटेल ठीक होतं, पुढं.

परतीला आमचा डबा नशिबानं शेवटून दुसरा होता. कुळ्याला गाडीच्या मागं बँकर लागला, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं, आणि डब्याला असा धक्का बसला की वरच्या बर्थवरून काजूचं पार्सल खाली. मग पुढचं इंजिन हॉर्न देतं, मागचं त्याला उत्तर देतं आणि गाडी हलते. आई कान देऊन ऐकत होती. वाफेच्या काळात म्हणे प्रत्येक ड्रायव्हरची शिट्टी वेगळी, कोण लांब ओढणार, कोण तोडून मारणार, लोंढ्याच्या क्वार्टरमधल्या बायका शिट्टीवरून ओळखायच्या कुणाचा माणूस आला, आणि मग तांदूळ धुवायचे. मी विचारलं बाबांची कशी होती. तिनं डब्यात सगळ्यांसमोर तोंडानं वाजवून दाखवली, दोन तोकड्या आणि एक लांब. वर चढताना इंजिनिअर पोरगा येऊन तिच्या शेजारीच बसला, फोनवर रेकॉर्ड करायला. तिनं त्याला रनिंग रूमची (बाहेरगावी ड्रायव्हर-गार्ड मुक्काम करतात ती खोली) जेवणं, पहाटे दोनला ड्युटीला बोलवायला दार वाजवणारा कॉलबॉय, बाबांच्या लाईन बॉक्समध्ये, म्हणजे ड्युटीवर न्यायच्या पेटीत, काय काय भरून द्यायची, सगळं सांगितलं. मला ह्यातलं निम्मं पहिल्यांदाच कळत होतं, थोडा राग पण आला, पण मी तरी कधी विचारलं होतं.

करंझोळला परत उभे. ह्यावेळी कोणी विचारलंसुद्धा नाही का ते.

बेळगावात शिरेपर्यंत रात्रीचे साडेअकरा. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटांपाशी राहणारे आम्ही लोक, निम्मं आयुष्य गेट उघडायची वाट बघण्यात गेलंय, आणि त्या रात्री गेटाबाहेर थांबलेल्या बाईकवाल्यांना आमच्या गाडीतून हजार माणसं हात करत होती. आईनंही केला. एकानं वैतागून हॉर्न मारला तर ही म्हणते, "थांब की रे, आम्ही काय कमी थांबलो?"

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं रात्रीचं म्हणून डबल सांगितले, घासाघीस करून दीडपट केले, आणि निघालो तर दुसरं गेट बंद. मालगाडी. आई म्हणाली, "भरलेली हाय, आवाजावरून कळतंय, वेळ लागणार." रिक्षावाल्यानं विचारलं आजी रेल्वेत होत्या काय, आणि मग गेट उघडेपर्यंत त्याला परत गोळ्यापासून सगळं.