पुसलेल्या फरशीवरचे तेल

गेल्या हिवाळ्यात जळगावातील आमच्या खानावळीत भांडी घासणाऱ्या मावशी मोरीजवळ घसरून पडल्या. तोल सावरण्यासाठी त्यांनी हात टेकला आणि सगळा भार मनगटावर येऊन हाड मोडले. "बघून चालायला हवे होते," असे आमचा आचारी म्हणाला. ते वाक्य मला आजही खटकते, कारण बघण्यासारखे तिथे काही नव्हतेच. अर्ध्या तासापूर्वी पुसलेली फरशी स्वच्छ दिसत होती.

त्या रात्री मी तिथे बसून फरशीवर बोट घासले, तर बोटाला शेवभाजीच्या तर्रीचा लालसर ओशटपणा लागला. आपल्या खानदेशात तेलाला हात आखडून स्वयंपाक होत नाही. तर्री असो की भरताची फोडणी, कढईपासून ताटापर्यंत थेंब सांडत जातात आणि वाफेसोबत उडालेले तेलही शेवटी जमिनीवरच बसते. आम्ही एकाच बादलीत बुडवलेल्या एकाच फडक्याने भट्टीपासून मोरीपर्यंत पुसत होतो. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही, ते पसरते. म्हणजे भट्टीजवळचे तेल आम्हीच मोरीपाशी नेऊन लावले होते, आणि त्यावर पाणी सांडले की झिजलेल्या स्लिपरला पकड उरत नाही.

आता आम्ही गरम पाण्यात साबणाची पावडर कालवून ते फरशीवर ओततो, दहा मिनिटे तसेच ठेवतो, मग ताठ ब्रशने घासून वायपरने पाणी मोरीत ओढतो. भट्टीचे आणि मोरीचे फडके वेगळे आहे. खाचांच्या रबरी तळव्याचे बंद बूट सर्वांना खानावळीच्या खर्चाने दिले. तळणाची कढई मात्र तेल निवल्याशिवाय कोणीही उचलायची नाही. १८० अंशांच्या आसपास तापलेले तेल हातात असताना पाय घसरला, तर ते मोडलेल्या मनगटावर निभावणार नाही.

कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी १९२३ च्या कायद्यापासून मालकावर आहे, आणि कामगाराचे लक्ष नव्हते एवढ्याच कारणाने मालकाला हात झटकता येत नाहीत. मावशींचा उपचार आणि बुडालेला पगार मी दिला, तो उपकार म्हणून नव्हे.

दोन महिन्यांनी मावशी कामावर परतल्या. मोरीपाशी आल्या की त्या आधी पायाचा चवडा फरशीवर घासून पाहतात, आणि मगच भांड्यांची पाटी उचलतात.