दोन शब्द

काल संध्याकाळी स्थानकाच्या जिन्यापाशी मोबाइल मारल्याच्या संशयावरून चार-पाच जणांनी एका पोराला धरून बडवले, तेव्हा माझ्या तोंडून 'बरं झालं' असे निघून गेले. मीनल शेजारीच होती. ती काही बोलली नाही, फक्त माझ्या हातातली भाजीची पिशवी तिने स्वतःकडे घेतली. त्या पोराची एक चप्पल अंगठा तुटून पायरीवर पडली होती आणि गर्दी ती ओलांडून वर चढत होती.

माझा मोबाइल गेला तेव्हा मी किती खेटे घातले, हे कुणी विचारले नाही. त्या दिवसांत रात्री बॅटमॅन आणि पनिशर यांची, म्हणजे गुन्हेगारांना स्वतःच शिक्षा करणाऱ्या नायकांची, कॉमिक्स वाचत बसायचो, कारण तिथे अर्ज नाही, शिक्का नाही, 'उद्या या' नाही. गुन्हा घडतो आणि त्याच रात्री हिशेब चुकता होतो.

पण 'बरं झालं' हे मी का म्हणालो? १९३९ सालच्या पहिल्याच कथेत बॅटमॅनच्या ठोशाने एक गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडतो आणि बॅटमॅन जे म्हणतो त्याचा अर्थ असाच, की अशा माणसाला हाच शेवट साजेसा. वाचताना ते खटकत नाही, कारण त्या माणसाचा अपराध चित्रकाराने आपल्याला आधीच दाखवलेला असतो. काल मला कुणी काय दाखवले होते? पोराच्या हातात मोबाइल होता की नव्हता, हेसुद्धा मी पाहिले नव्हते.

१९७४ साली पनिशर पहिल्यांदा आला तो स्पायडरमॅनला मारायला. स्पायडरमॅन खुनी आहे, असे पनिशरला भरवून दिलेले होते आणि त्याने त्यावर विश्वास ठेवला होता. म्हणजे ही चूक त्याच्या जन्मकथेतच आहे. मी इतकी वर्षे ती वाचून पुढे जात होतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षेसाठी फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. मारणाऱ्यांतल्या कित्येकांना आपण मुलांना वाचवतो आहोत असेच वाटले असणार, आणि तेही मनात 'बरं झालं' म्हणाले असतील, हा विचार काल रात्रभर सुटला नाही.

एक मात्र आता मान्य करतो. मोबाइल गेल्याचा राग माझ्यात अजून शिल्लक आहे आणि तो असा कुणावरही निघू शकतो. जिन्यावर पुन्हा गर्दी दिसली तर पहिला शब्द कदाचित तोच येईल. निदान तो तोंडाबाहेर पडण्याआधी पोराच्या हाताकडे पाहायचे, एवढे तरी मला जमायला हवे.

आज दुपारी पनिशरचा एक जुना अंक काढून पुन्हा वाचला. तो मला अजूनही आवडला.